मुलाखतींवर प्रबंध: किती मुलं घ्यावीत, आणि कोडिंग कोणत्या भाषेत?

खानापूरकर_एमए
नमस्कार. एमए मानसशास्त्राचा प्रबंध आहे. विषय: दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्सला इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचा पहिल्या वर्षाचा अनुभव. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातली मुलं घेणार. गाइड म्हणतात, १०० प्रश्नावल्या भरून घे. मला मुलाखती घ्यायच्या आहेत. किती पुरतील? आणि प्रबंध इंग्रजीत असल्यामुळे मुलाखती आधी भाषांतरित करून मग कोडिंग (मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची छोटी नावं देणं) करू का?

शब्दशः
आधी प्रश्न पक्का करा, संख्या नंतर. 'किती मुलांना ताण येतो' हे विचारायचं असेल तर गाइडचं बरोबर, प्रश्नावलीच हवी. 'त्या वर्गात बसणं कसं असतं' हे हवं असेल तर मुलाखत.

एकेका मुलाचा अनुभव खोलात जाऊन पाहायचा असेल (आयपीए, म्हणजे इंटरप्रिटेटिव्ह फेनॉमेनॉलॉजिकल ॲनालिसिस पद्धत) तर एमएला ४ ते ६ मुलं भरपूर. सगळ्यांत मिळून काय दिसतं ते शोधायचं असेल तर थीमॅटिक ॲनालिसिस, साधारण १० ते १२. '१२ मुलाखतींत सगळं येतं' असं सर्रास लिहितात. तो आकडा २००६ च्या एका अभ्यासातला, घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखतींवरून निघालेला. त्या बऱ्यापैकी एकसारख्या गटाच्या होत्या. तुमच्याकडे शहरातली आणि जंगलपट्ट्यातल्या वाडीवरची मुलं एकत्र असतील तर तो आधार धरू नका.

'इंग्रजीमुळे न्यूनगंड आला का?' असं विचारू नका. उत्तर तुम्हीच तोंडात घातलंत. 'सुरुवातीचा एखादा तास आठव. काय काय झालं?' असं विचारा आणि थांबा. मूल गप्प झालं की चार-पाच सेकंद आपणही गप्प राहायचं. नवशिके हमखास इथेच पुढचा प्रश्न टाकतात आणि येणारं उत्तर बुडतं.

दोन्ही_भाषा
कोडिंग मूळ बोलीतच करा. भाषांतर फक्त प्रबंधात द्यायच्या उताऱ्यांचं. कारण सांगतो. मुलगा म्हणाला, 'कायच कळंना झालतं, गप बसून ऱ्हायलो.' तुम्ही उतरवलंत, 'काहीच समजत नव्हते, शांत बसलो.' 'गप' मधला दाब गेला, 'शांत' मध्ये समाधान आलं. इंग्रजीत गेल्यावर तर काहीच उरणार नाही.

आपल्या भागात आणखी एक फसगत आहे. 'बेजार' मराठीत म्हणजे हैराण, पण कानडीत त्याचा अर्थ कंटाळा किंवा वाईट वाटणं असाही होतो. घरी मराठी, गल्लीत कानडी बोलणारं मूल कोणत्या अर्थाने म्हणतंय ते तिथल्या तिथे विचारा: 'बेजार म्हणजे कसं झालं?' उतरवताना कानडी शब्द तसाच ठेवा, उसासे आणि थांबणं कंसात लिहा. एका तासाच्या रेकॉर्डिंगला ५-६ तास धरा, मिश्र बोलीला जास्तच.

खानापूरकर_एमए
खूप उपयोग झाला, सर. 'भाषेची अडचण', 'शिक्षक', 'मित्र' अशा थीम्स आधीच ठरवून ठेवल्या तर चालतील का?

शब्दशः
नाही. त्या थीम्स नाहीत, विषयांची नावं आहेत. मुलाखत न घेताही लिहिता आली असती. थीममध्ये काहीतरी म्हटलेलं असतं. 'चुकण्यापेक्षा गप बसणं बरं' ही थीम. आधी दोन मुलाखती पुन्हापुन्हा वाचा, ओळीशेजारी छोटे कोड लिहा, ते गोळा करून थीम बनवा, मग सगळ्या मुलाखतींवर ताडून पाहा. न बसणारा मुलगा सापडला तर त्याला वगळू नका, थीम बदला.

सीमाभाग_समुपदेशक
संमतीचं कुणी बोललं नाही. पीयूसीची मुलं १६-१७ वर्षांची, म्हणजे पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही हवेत, आणि पत्रक मराठीत. कॉलेजमधल्या सरांसमोर मुलाखत नको. नुसतं नाव बदलून भागत नाही: 'अमुक गावातून सायन्सला गेलेली एकुलती मुलगी' म्हटलं की अख्ख्या गावाला कळतं. गाव, वडिलांचा धंदा, दहावीचे टक्के, तिन्ही धूसर करा. आणि बोलताना मूल रडायला लागलं तर रेकॉर्डर बंद. पुढे कुणाकडे पाठवायचं ते पहिल्या मुलाखतीच्या आधीच ठरवून ठेवा.