सणासुदीत डाएट टिकवायचं कसं? (रोज १० मिनिटं, नवी खरेदी नाही)

निवांत: येत्या तीन आठवड्यांत सात ठिकाणी जेवायला जायचंय. वजन उतरवायचं नाहीये, फक्त वाढू द्यायचं नाही. रोज १० मिनिटांच्या वर वेळ नाही आणि नवीन काही विकत घ्यायचं नाही. सुचवा.

काटेकोर: स्वयंपाकघरासाठी डिजिटल काटा घ्या. तेलाची बाटलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, तेल ओतून बाटली परत ठेवायची. उणे आकडा दिसेल तेवढं तेल गेलं. मोठा चमचा म्हणजे साधारण १४ ग्रॅम, १२० कॅलरी. थेट धार धरली की तीन चमचे कधी गेले कळत नाही.

सालस: "खरेदी नाही" हे वाचलंत का? आणि लोकांकडे काटा घेऊन जेवायला जायचं?

काटेकोर: खिशात मावणारे मिळतात.

सालस: त्यांची क्षमता बघा आधी. २०० ग्रॅमवाल्यावर रिकामं ताट ठेवलं तरी एरर.

चिंचोके: संध्याकाळी भरपेट जेवायचंय म्हणून दिवसभर उपाशी राहू नका, गाडं तिथेच घसरतं. दुपारी प्रथिनं आणि भाजी असलेलं नेहमीचं जेवण घ्या, निघण्याआधी तासभर एखादं फळ. तिथे गेल्यावर आधी सगळे पदार्थ बघून घ्या, मगच ताट उचला. अर्धं ताट भाजी-सॅलडचं. गोड एकच, त्यातल्या त्यात सगळ्यात आवडतं ते. गोड पेयाच्या २५० मिलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १०० कॅलरी, आणि पोट रिकामंच. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर जेवण चुकवणं धोक्याचं, साखर एकदम खाली येऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

पळापळ: +१, उपाशी राहू नका. आणि रोज तासभर पोहा. बाकी सगळं झूठ.

सालस: अहो, १० मिनिटं म्हणालेत ते.

वजनदार: रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी वजन करा. काटा फरशीवर ठेवा, गालिच्यावर चुकीचं दाखवतो. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी दीड किलो जास्त दिसलं तर घाबरू नका. किलोभर चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जादा लागतात, एका पंगतीत एवढं होत नाही. मिठामुळे पाणी धरलं जातं, शिवाय दर ग्रॅम ग्लायकोजेनमागे (स्नायूंत-यकृतात साठवलेली साखर) सुमारे ३ ग्रॅम पाणी साठतं. सात दिवसांची सरासरी काढा, सुटा आकडा बघूच नका.

काटेकोर: त्यापेक्षा चरबीचे टक्के दाखवणारा काटा घ्या.

वजनदार: तो पायांतून बारीक वीजप्रवाह सोडून अंदाज बांधतो. अंगात पाणी कमी-जास्त झालं की टक्केही बदलले. या दिवसांत अगदीच बिनकामाचा.

डबेवाली: जेवणापेक्षा बांधून दिलेलं जास्त नडतं. घरी आल्याआल्या एका वेळेपुरते भाग करून फ्रीझरमध्ये टाका. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं शिजवलेलं अन्न मात्र ठेवू नका. कोरडा खाऊ आरपार न दिसणाऱ्या डब्यात, वरच्या फळीवर. काचेची बरणी टेबलावर असली की येता-जाता हात जातोच.

चिंचोके: आणि उपाशी राहू नका, हे परत सांगते.

निवांत: सगळ्यांचे आभार. काटा घेत नाही. वजनही तीन आठवडे करणार नाही. घरात शिवणाची टेप आहे, दर रविवारी श्वास सोडून बेंबीच्या रेषेत कंबर मोजेन. निघण्याआधी फळ आणि एकच गोड, एवढं पाळतो.

वजनदार: चुकताय. एका जेवणाने पोट फुगलं तरी टेप दोन सेंटिमीटर जास्त दाखवेल.

काटेकोर: कापडी टेप ताणली जाते. आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून बघा.