मुलगा सहलीला जायला नाही म्हणतो, कारण पोटावरची नळी

माझा मुलगा 14 वर्षांचा, नववीत. जन्मला तेव्हा मूत्राशय पोटावर उघडं होतं, एक्स्ट्रॉफी म्हणतात. तीन ऑपरेशनं झाली. शेवटच्यात आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं केलं आणि अपेंडिक्सची वाट करून बेंबीच्या जागी बारीक छिद्र ठेवलं. दर चार तासांनी तिथून नळी घालून लघवी काढतो. आता कपडे ओले होत नाहीत, डॉक्टर खूश आहेत.

पण शाळेत मुलांच्या संडासाला कडी नाही. दिवाळीआधी एकाने दार ढकललं, नळी पाहिली. तेव्हापासून याचं नाव 'पाइप'. पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी येते. रायगडच्या सहलीला पाय दुखतो म्हणून नाव दिलं नाही. बाईंशी बोलते म्हटलं तर रडायला लागला. काय करू?
– सांगलीची आई

ताई, मी 27 वर्षांचा, माझंही हेच ऑपरेशन झालंय. आधी पाणी बघा. आतड्याचा तुकडा चिकट स्राव सोडत राहतो, पाणी कमी पडलं की खडे होतात. मला बारावीत झाले.
बाईंशी त्याला न विचारता बोलू नका. माझ्या आईने सरांना परस्पर सांगितलं, दोन महिने मी तिच्याशी नीट बोललो नाही. कुणाला सांगायचं ते त्याला ठरवू द्या. मी होस्टेलवर एकालाच सांगितलं होतं, तो दाराशी उभा राहायचा.
आणि ही वाट मित्रोफानॉफ नावाच्या फ्रेंच सर्जननी 1980 साली मांडली. म्हणजे असं पोट घेऊन संसार करणारी माणसं आहेत, हे त्याला सांगाच.
– नागपूरकर

मी शिक्षिका आहे. तो हो म्हणाला तर डॉक्टरांची चिठ्ठी मुख्याध्यापकांना द्या. 'वैद्यकीय कारण' एवढंच पुरतं, आजाराचं नावही नको. स्टाफच्या टॉयलेटची किल्ली मागा. 'पाइप' हाक मारणाऱ्यांचं मात्र शाळेने बघायला हवं, ते पोराच्या अंगावर टाकू नका.
– साताऱ्याच्या बाई

काल त्याला हे वाचायला दिलं. गप्प होता. झोपताना विचारलं, "त्या दादाच्या होस्टेलला कडी होती का?"
– सांगलीची आई

नव्हती. आम्ही सुतळी बांधली होती. त्याला सांगा.
– नागपूरकर