शॉर्ट फिल्म, चित्रं, डिझाइन: फीड दाखवेल ते बघायचं की स्वतः शोधायचं?

रेघारेघ (धागाकर्ता)
'चांगलं काम असेल तर ते फीडमध्ये आपोआप येतंच, वेगळं शोधत कशाला बसायचं?' हे हल्ली फार ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. इन्स्टाग्रामनं २०१६ मध्ये कालक्रम मोडला आणि 'तुम्हाला आवडेल ते आधी' असा क्रम आणला. तेव्हापासून ज्यांना आपण स्वतःहून फॉलो केलंय त्यांचंही काम दिसेलच याची खात्री उरली नाही. बोट कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, यावर फीडचा सगळा हिशोब चालतो. सावकाश उलगडणारी फिल्म त्यात मागेच पडणार.

माणसं बसून निवड करतात अशा जागा आहेत. व्हिमिओ या व्हिडिओ साइटचे 'स्टाफ पिक्स' आहेत, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या फिल्म्स. 'शॉर्ट ऑफ द वीक' ही शॉर्ट फिल्मची साइट २००७ पासून चालू आहे आणि तिथे फिल्मसोबत तिच्याबद्दल नीट लिहिलेलंही असतं. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानं तर हजारो फिल्म्स फुकट खुल्या केल्या आहेत. त्यातली नॉर्मन मॅक्लारेनची 'नेबर्स' (१९५२) बघा. जेमतेम आठ मिनिटांची. दोन शेजारी, मधोमध उगवलेलं एक फूल आणि त्यावरून पेटलेलं भांडण. हाडामांसाची माणसं बाहुल्यांसारखी एकेका फ्रेमनं हलवली आहेत. एका जागी ती गवतावरून चक्क तरंगत जातात. नटानं उडी मारायची, तो हवेत असतानाच एक फ्रेम घ्यायची, पुन्हा उडी, पुन्हा एक फ्रेम. हे कळल्यावर तोच तुकडा परत बघा. असं काही तुम्हाला फीडनं शेवटचं कधी दाखवलं होतं?

उन्हाची तिरीप
पूर्ण असहमत. निवडणारी माणसं म्हणजे तरी कोण? मूठभर लोक, बहुतेक इंग्रजीत काम करणारे, एकाच प्रकारच्या महोत्सवांत फिरणारे. त्यांची आवड आपण 'दर्जा' म्हणून का मान्य करायची? अनेक महोत्सवांत फिल्म पाठवायलाच शुल्क लागतं. काहींना फिल्म आधी कुठेच दाखवलेली चालत नाही, म्हणजे तोवर ती ऑनलाइन टाकायचीच नाही. ज्याच्याकडे ओळखी नाहीत आणि पैसाही नाही, त्यानं काय करायचं?

उरुग्वेच्या फेडे आल्वारेझनं २००९ मध्ये 'अताके दे पानिको' ही पाचेक मिनिटांची फिल्म यूट्यूबवर टाकली. प्रचंड यंत्रमानव माँटेव्हिडिओ शहरावर चालून येतात, एवढीच गोष्ट. खर्च सुमारे ३०० डॉलर झाल्याचं त्यानंच सांगितलंय. ती जगभर पसरली, हॉलिवूडनं त्याला बोलावलं आणि २०१३ मध्ये 'ईव्हिल डेड' हा भयपट त्यानं दिग्दर्शित केला. कुठल्याच परीक्षक मंडळानं त्याला आधी शोधलं नव्हतं.

रेघारेघ
तिरीप, उदाहरण उत्तम आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे. २००९ मध्ये ती फिल्म पसरली कारण लोकांनी एकमेकांना लिंक पाठवल्या, ब्लॉगवर लावल्या. 'हे बघच' असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं. ती माणसानं केलेली निवडच झाली. आजचं फीड त्याच पाच मिनिटांतले पंधरा सेकंद कापून दाखवेल, तेही बहुधा दिग्दर्शकाच्या नावाशिवाय.

कागदकात्री
नावाचा मुद्दा निघाला म्हणून लिहिते. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. माझा राग अल्गोरिदमपेक्षा अनाथ चित्रांवर जास्त आहे. पिंटरेस्टवर, म्हणजे चित्रं जमवून ठेवायच्या साइटवर, एखादं सुंदर पोस्टर दिसतं. क्लिक केलं की बंद पडलेलं पान, नाहीतर भलत्याच दुकानाची जाहिरात. कुणी केलं, कोणत्या साली, कशासाठी, काहीच नाही. आता त्यात एआयनं बनवलेल्या चित्रांची भर पडली आहे. अक्षरांची वळणं नीट बघितल्याशिवाय ती ओळखूही येत नाहीत. मी नियमच केलाय: चित्रावरून उलटा शोध घ्यायचा (शब्दांऐवजी चित्रच सर्चमध्ये टाकायचं), करणाऱ्याचं नाव सापडेपर्यंत सेव्ह करायचं नाही. एक नाव सापडलं की त्या माणसाचं सगळं काम उघडतं, त्याचे गुरू सापडतात, सोबतचे लोक सापडतात. बेहान्स या डिझायनरांच्या साइटवर पुष्कळ जण कच्ची रेखाटनं आणि नाकारलेले पर्यायही टाकतात. शिकायला मिळतं ते त्यातूनच, तयार चित्र तर सगळेच बघतात.

आणि संग्रहालयांना विसरू नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१७ मध्ये पावणेचार लाख प्रतिमा कुणालाही, कशासाठीही वापरायला मोकळ्या केल्या. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२२ मध्ये रेम्ब्रांटच्या 'द नाइट वॉच'ची (१६४२) ७१७ गीगापिक्सेलची, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांची, प्रतिमा खुली केली. आठ हजारांहून जास्त फोटो जोडून ती बनवली आहे. झूम करत चित्राच्या मधोमध असलेल्या कप्तानाच्या पुढे आलेल्या हाताकडे जा. त्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडली आहे. आणखी आत गेलात की रंगाच्या थराला गेलेल्या बारीक भेगा दिसतात. प्रत्यक्ष चित्रासमोर उभ्या माणसालाही इतक्या जवळ जाता येत नाही.

उन्हाची तिरीप
कात्री, नावाबद्दल शंभर टक्के सहमत. पण संग्रहालयात जे आहे ते आधीच मान्यता मिळालेलं. रेम्ब्रांटला माझी गरज नाही. आज पहिली फिल्म टाकणाऱ्या, वीसेक प्रेक्षक मिळालेल्या मुलीला आहे. तिच्यापर्यंत मी पोचणार कशी? स्टाफ पिक्समध्ये ती नाही, महोत्सवात नाही. फीडच कधीतरी चुकून तिला माझ्यासमोर आणतं. त्या 'चुकून'ची किंमत तुम्ही दोघेही फार कमी धरताय.

थांबलेला झोका
मला दोन्ही बाजूंशी भांडायचंय. शोधा किंवा फीडवर बघा, शेवटी सगळे सेव्ह करत सुटतात. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना शिकवतो म्हणून सांगतो, मूडबोर्डवर, म्हणजे काम सुरू करण्याआधी जमवलेल्या नमुन्यांच्या फलकावर, चाळीस चाळीस चित्रं असतात आणि सगळ्यांचे बोर्ड एकसारखे. तेच फिके रंग, तेच जाड अक्षर. विचारलं, 'यातलं हे एक का घेतलंस?' की गप्प. मी आता एकच काम आणायला लावतो आणि ते हातानं उतरवून काढायला सांगतो. पोस्टर असेल तर समास पट्टीनं मोजायचे. फिल्म असेल तर संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबायची, एकेक फ्रेम मागेपुढे सरकते. दहा सेकंदांचा प्रसंग असा बघायला अर्धा तास लागतो. कट नेमका कुठे आहे, नजर कुठून कुठे जाते, हे तेव्हा कळतं. या अर्ध्या तासापुढे काम कुठून मिळालं हा प्रश्न मला दुय्यम वाटतो.

रेघारेघ
झोका, दुय्यम नाही हो. अर्धा तास द्यावासा वाटेल असं काम आधी हाती तर लागलं पाहिजे, आणि विद्यार्थ्यांचे बोर्ड एकसारखे होतात ते सगळे एकाच नळाचं पाणी पितात म्हणूनच. तिरीप, तुमच्या त्या वीस प्रेक्षकांच्या मुलीवर मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढं सुचतं की आवडलेल्या फिल्मची श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचायची आणि कॅमेरा, ध्वनी, संकलन करणाऱ्यांची नावं शोधायची. त्यांतल्या पुष्कळांच्या स्वतःच्या छोट्या फिल्म्स कुठेतरी पडून असतात, ज्या ना फीडमध्ये येतात ना कुणी निवडतं.

उन्हाची तिरीप
हे करून बघेन. फीड मात्र सोडणार नाही.

कागदकात्री
तिरीप, मग तिथे ती मुलगी सापडली की इथे नावासकट लिंक टाका.