नॉईज : गोंगाट, दाणे की खरखर?

रानवाट : आंबोलीतल्या स्थानिक गाइडांसाठी पक्ष्यांच्या फोटोग्राफीचं मराठी पत्रक निघतंय. मसुदा तपासायला माझ्याकडे आलाय. त्यात एक वाक्य आहे : 'गोंगाट कमी करताना पिसांचा तपशील जपा.' एका गाइडदादांना वाचायला दिलं, तर म्हणाले, 'बरोबर लिवलंय, पर्यटक बडबडले की पाखरू थांबत नाही.' त्याच पानावर वर 'शांतता पाळा' आहे, तेव्हा त्यांनी दुसरा काय अर्थ लावावा? हा 'गोंगाट' म्हणजे इंग्रजी 'नॉईज', कमी उजेडातल्या फोटोत दिसणारे बारीक ठिपके. त्याला शब्द सुचवा. 'पिसांचा तपशील'ही मला कचेरीतला वाटतो.

तांबट : दाणे. आमच्या गावचे स्टुडिओवाले 'फोटोत दाणे आलेत' असंच म्हणायचे. सगळ्यांना कळतं.

डार्करूम : फिल्मवर दाणे खरेच होते, चांदीचे कण. सेन्सरवर तसं काही नसतं. प्रकाश सुटासुटा येतो, आणि तो कमी असला की शेजारशेजारच्या पिक्सेलांच्या वाट्याला कमीजास्त येतो. त्यात कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सची भर पडते. भर पावसात, झाडीत बसलेला तिबोटी खंड्या आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) 6400 पर्यंत वाढवून टिपला की हे दिसणारच. प्रकाश चौपट मिळाला, तर चित्राच्या मानानं ही चलबिचल साधारण निम्मी होते. 'दाणे' म्हटलं की वाटतं, ते चित्रावर पडलेत, झटकले की खाली स्वच्छ पीस मिळेल. तसं पीस खाली नसतंच. तिथली माहितीच डळमळीत आलेली असते. गाइडांना हे कळलं तर ते सॉफ्टवेअरच्या भरवशावर न राहता आधी प्रकाश शोधतील.

कातरवेळ : मग 'खरखर' घ्या. रेडिओची खरखर आपल्याला माहीत आहे, आणि हाताला लागतं ते खरखरीत. कान आणि स्पर्श दोन्ही एका शब्दात आले. रंगाची खरखर आणि उजेडाची खरखर असे दोन भागही पाडता येतात. सावलीतले जांभळे-हिरवे ठिपके म्हणजे रंगाची, ती बरीचशी काढली तरी पिसांना सहसा धक्का लागत नाही. उजेडाची मात्र हलक्या हातानं काढायची, कारण पिसाची सर्वांत बारीक रेघ आणि खरखर यांचा आकार सारखाच असतो. जुन्या टीव्हीवर 'मुंग्या आल्या' म्हणायचो, तोही शब्द वाईट नाही.

शब्दवेडा : मुंग्या काय, दाणे काय! पत्रक छापील आहे, थोडं भारदस्त नको का? 'रव' म्हणजे ध्वनी, आणि रवा, रवाळ यांतही तोच 'रव' ऐकू येतो. 'रवशमन' करा. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी काकागार (कावळ्यांची वसाहत), सारंगागार (बगळ्यांची) हे शब्द दिले तेव्हाही लोकांना ते नवेच होते.

तांबट : रव आणि रवा यांचं साम्य कानापुरतं आहे, त्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. काकागार कळतो, कारण काक आणि आगार दोन्ही ओळखीचे आहेत. 'रवशमन' ऐकून आंबोलीतला माणूस काय करेल? शिवाय अर्थ पुन्हा गोंगाटाशीच येतो.

शब्दवेडा : न कळणारा शब्द वापरूनच कळायला लागतो, दादा. प्रत्येक वेळी माघार घेतली तर मराठीत नवं काहीच घडणार नाही.

पिंगळा : तपशीलाबद्दल कुणी बोलतच नाहीये. 'पिसांची वीण' म्हणा. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्हीकडे तंतू असतात, त्यांना उपतंतू, आणि उपतंतूंचे बारीक आकडे शेजारच्या उपतंतूंत अडकतात. ते सुटले की पक्षी चोचीनं पुन्हा बसवतो. ही खरोखरची वीण आहे.

रानवाट : पिंगळाताई, शब्द फार आवडला. पण पुढच्याच परिच्छेदात 'विणीच्या हंगामात घरट्याजवळ जाऊ नका' आहे. 'वीण जपा' म्हटलं की गाइड तोच अर्थ घेतील.

पिंगळा : हो, तेही खरं. मग 'पिसांचा पोत'? की 'पीस न् पीस दिसू द्या'? पण मला 'जपा' या क्रियापदाचीच काळजी जास्त आहे. फोटोवर काम करायच्या लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल 2023 पासून एआयचं डिनॉईज, म्हणजे नॉईज काढायचं साधन, आलं. अशी साधनं छान काम करतात, पण माहिती फारच तुटपुंजी असली की पोत अंदाजानं भरतात. पर्णवटवट्या या एकमेकांसारख्या दिसणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांची ओळख पंखावरच्या फिकट पट्टीवरून ठरवायची वेळ येते, आणि तीच अंदाजाची असली तर? हे जपणं नाही, रचणं आहे. पत्रकात हा फरक यायला हवा.

डार्करूम : सहमत. पक्ष्याला मास्क लावून, म्हणजे फोटोतला तेवढा भाग वेगळा निवडून, नॉईज काढण्याचा जोर पार्श्वभूमीवर द्या, पक्ष्यावर कमी. आणि मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली) ठेवाच, ओळखीचा वाद झाला तर तीच उघडावी लागते.

शब्दवेडा : मास्कला 'मुखवटा' नको हं. 'झाकण' चालेल. आणि या धाग्यावर सगळे पीस आणि पंख यांचा घोळ घालतायत. पीस आलं पिच्छावरून, पंख पक्षावरून, आणि पर तर फारसी.

कातरवेळ : फारसी असला म्हणून काय झालं? आमच्याकडे कोंबडीचे परच म्हणतात, पिसं नाही.

तांबट : आमच्याकडे पर म्हणजे मोठं, पंखातलं किंवा शेपटीतलं. अंगावरची ती पिसं. मग फोटोत नेमकं काय जपायचं, पर की पिसं?

रानवाट : दोन्ही! पण मंडळी, नॉईजचं काय? गुरुवारी छपाई आहे.

शब्दवेडा : तांबट, हा फरक कुठल्या भागातला? आमच्या साताऱ्याकडे तो ऐकला नाही.