बंदरावरची वखार आणि लॅपटॉपवाले भाडेकरू

खाडीकाठ (धागाकर्ता): वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर आमच्या पणजोबांची वखार आहे. जांभ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, वर माळा. आधी शिरोड्याचं मीठ, मग खताची पोती, आता गेली कित्येक वर्षं फक्त वटवाघळं. पुण्यातला चुलतभाऊ म्हणतो, इथे को-वर्किंग काढू, म्हणजे लॅपटॉपवाल्यांना काम करायला भाड्याची जागा. पंधरा टेबलं, एक बंद खोली, भाडं दिवसावर नाहीतर महिन्यावर. माझं मत, काढावं. कोकणात रिकामी इमारत टिकत नाही. गावातलीच डच वखार बघा. सतराव्या शतकातली, वर संरक्षित स्मारक, तरी नुसत्या भिंती उरल्यात. फलक लावून पाऊस थांबत नाही.

पडवीतली: माझा विरोध. वास्तूचं मूळ स्वरूप जातं. अशा एका वाड्याचं 'नूतनीकरण' जवळून पाहिलंय. सुरुवात एसीपासून होते. कौलांच्या फटींतून गारवा जातो, म्हणून खाली सीलिंग ठोकतात. मग वर कौल फुटलं, गळलं, वाशाला वाळवी लागली तरी कोणाला दिसत नाही. दिसतं तेव्हा आढं वाकलेलं असतं. भिंतींना सिमेंटचा गिलावा केला तर आणखी वाईट. जांभा सच्छिद्र दगड, ओल पितो आणि सोडतो. चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटखाली आतच कोंडते. दोन पावसाळ्यांत रंगाला फुगे. पुण्याच्या भावाला हे कोण सांगणार?

खाडीकाठ: मी सांगेन. एसी फक्त फोनवर बोलायच्या बंद खोलीत. बाकी छत उंच आहे, पंखे पुरतात.

रेडेबंदर: बाबारे, कौलां परतूक माणूस गावणा नाय, तू चुन्याचो गवंडी खंयसून हाडतलंस?

तिठा: मला 'मूळ स्वरूप' या शब्दाचं हसू येतं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात काढला. त्याआधी आपल्याकडे नळ्यांची कौलं नाहीतर गवत. म्हणजे पडवीताईंना जपायचं आहे ते छप्पर कधीकाळी नव्या फॅशनचंच होतं. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवतात आणि पाहुण्यांना खोल्याही देतात. वास्तू काही बाटली नाही. वापर बदलला म्हणूनच दिवे लागतात.

पडवीतली: तिठा, मुद्दा चांगला, पण उलटा धरलात. मंगलोरी कौल हाताने उतरतं, हाताने चढतं. नको वाटलं तर उद्या काढता येतं. भिंतीत खाचा मारून ओढलेल्या वायरी, माळा कापून बसवलेला लोखंडी जिना यांचं तसं नाही. माझी अट एवढीच: जे बसवाल ते वखारीला न दुखवता परत काढता आलं पाहिजे. टेबलं आणा, दिवे वाशाला टांगा, वायरी भिंतीवरून उघड्या पाइपातून न्या. मग मी स्वतः येऊन बसेन.

रेडेबंदर: आणि जुलयात लाईट गेल्यार?

खाडीकाठ: इन्व्हर्टर. इंटरनेटच्या दोन लाइनी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. तौक्ते वादळाच्या वेळी २०२१ मध्ये काय झालं ते विसरलो नाही. तशा दिवशी बंदच ठेवायचं. गिऱ्हाईक मला मुंबईकरांत दिसत नाही, इथल्याच पोरांत दिसतं. घरी माजघरात मिक्सर चालू असताना मीटिंग करणारे माझ्याच आळीत चार आहेत.

कोर्टवाला: गिलाव्यावर भांडा खुशाल. मिळकतीवर नावं किती?

खाडीकाठ: सतरा.

कोर्टवाला: मग चुना भिजत घालायची घाई नको. भाडं सुरू होईल त्या महिन्यात सतराही जणांना पणजोबा आठवतील. आधी सगळ्यांच्या सह्यांचा करार करून तो नोंदवा, दुरुस्तीचा खर्च कोणी किती घालायचा ते त्यातच लिहा.

खाडीकाठ: पंधरा तयार आहेत. एक बडोद्याचे काका फोन उचलत नाहीत, आणि एका आत्येला तिथे लग्नाचा हॉल हवाय. सह्या होतील तेव्हा होतील, मिरगाआधी कौलं मात्र परतून घेतोय, माझ्या खर्चाने. रेडेबंदर, माणूस मिळालाय, आरवलीचा. पण शिडी तुमची लागेल.