मदत हवी आहे: गिअरबॉक्सच्या तेलात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) जाऊ नये म्हणून काय करू?

मंडळी, माझा १५ वर्षांचा ऑटोमॅटिक पिकअप फोंड्याहून चोर्ला घाट चढून बेळगावला जातो. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच आहे. परवा कूलंटच्या बाटलीत बोट फिरवलं तर कडेला तेलाचा पुसट तवंग, म्हणजे आतला कूलर गळत असावा. डिपस्टिकवर तेल अजून लालच आहे. पण एकदा का कूलंट मिसळून ते दुधाळ गुलाबी झालं, की क्लच प्लेटांचं अस्तर सुटायला लागतं, मग गिअरबॉक्स गेलाच. मेकॅनिक म्हणतो, 'चलता मरे!' (चालतं रे!)

नुसता रेडिएटर बदलू, की आतला कूलर बायपास करून समोरच्या जाळीमागे वेगळा लावू? घाटात तेवढा पुरतो का? आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा टिकतो? म्हापसा-पर्वरीकडे कुणी करून घेतलंय का? तोवर गाडी माडाखाली उभी आहे (नारळ पडला नाही म्हणजे मिळवली).