मदत हवी आहे: गाणं न शिकलेल्या भावी शिक्षकांना वर्गात गाणं घ्यायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

मी संगीत विशारद आहे. १४ वर्षं माध्यमिक शाळेत संगीत शिकवलं. यंदापासून एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाचे संगीताचे तास माझ्याकडे आलेत. वर्गात २८ जण. तिघींनी प्रवेशिकेपर्यंतच्या, म्हणजे संगीताच्या सुरुवातीच्या परीक्षा दिल्यात, एक मुलगा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, बाकीच्यांनी पेटीला कधी हातही लावलेला नाही. माझ्या हातात १६ तासिका आहेत, ४० मिनिटांच्या.

सुरुवातीला मी मला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवलं. शुद्ध-कोमल स्वर, दहा थाट (राग ज्यांत मांडतात ते स्वरांचे गट), केहरवा तालाच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा, टाळी कुठे, खाली कुठे. वह्या छान भरल्या. मग सराव पाठ सुरू झाले आणि माझी झोप उडाली.

तिसरीचा वर्ग होता. आमचा एक छात्राध्यापक समूहगीत घेत होता. पाठ टाचण नेटकं, तयारी मनापासून केलेली. त्याने स्वतःच्या आवाजाला सोयीची काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सा म्हणून धरली आणि म्हणायला लागला. काही पोरं आपोआप एक सप्तक वर गेली. काहींना त्याच्यासारखाच आवाज काढायचा होता, ती खाली जाऊन घोगरी झाली. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकली आणि जोरजोरात म्हणत राहिली. दुसऱ्या कडव्याला तो थांबला आणि तिला म्हणाला, "तू नुसते ओठ हलव, आवाज नको काढू." तिने पुढे ओठही हलवले नाहीत. दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत बसून राहिली.

मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात घेतलं. "गा" म्हटलं असतं तर ती गायली नसती. म्हणून विचारलं, मैदानापलीकडे असलेल्या भावाला कशी हाक मारतेस? तिने मारली, चांगली खणखणीत. मोबाइलवरचा तानपुरा जुळवत गेले, तर तिची हाक पांढरी तीनला लागत होती. तोच सा धरला आणि तिच्याबरोबर सा रे ग म्हटलं. तिसऱ्या प्रयत्नात तिचा गंधार माझ्या गंधाराला येऊन चिकटला! ती मुलगी बेसूर नव्हतीच. तिला तिच्या आवाजाच्या जागी कुणी सूर दिलाच नव्हता.

त्या छात्राध्यापकाला मी दोष देत नाही. पट्टी म्हणजे काय, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा, हे मी त्याला शिकवलं होतं. मुलांची पट्टी कशी ओळखायची, हे शिकवलं नव्हतं.

आणि हे चुकून चालणार नाही, कारण हीच मंडळी उद्या पहिली ते पाचवीला एकटी उभी राहणार आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ शिक्षक) आहे, पण तो सहावी ते आठवीला आणि तोही पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. द्विशिक्षकी शाळेतल्या पोराला गाणं मिळालं तर वर्गशिक्षकाकडूनच, नाहीतर परिपाठात प्रार्थना म्हणून संपलं.

आपल्याकडे संगीतशिक्षक घडवण्याचा विचार नवा नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथे पुढे शिकवण्यासाठीच तयार व्हायचा उपदेशक वर्ग होता. पण ते विद्यार्थी वर्षानुवर्षं गुरूपाशी राहिले. त्यांना गायक करून मग शिक्षक करता आलं. माझ्या २८ जणांना मी १६ तासिकांत गायक करू शकत नाही. त्यांचा कान मात्र तयार करता येईल असं मला वाटतं.

म्हणून विचारते: १६ तासिकांत तुम्ही काय ठेवाल आणि काय सोडाल? थाट सोडायला माझं मन तयार आहे, पण लेखी परीक्षेचं काय? आणि पुरुष शिक्षकांच्या आवाजाचा प्रश्न तुम्ही प्रत्यक्षात कसा सोडवलात?

प्रतिसाद १

ताई, २६ वर्षं प्राथमिकला आहे, आवाज भरड्या पुरुषाचा. मी पहिल्या वर्षीच शिकलो की सूर आपण द्यायचा नाही. पेटीवर मधल्या सप्तकात काळी एक ते पांढरी तीनच्या दरम्यान सा धरायचा, चाल बोटांनी वाजवायची आणि ज्या पोराला ती पटकन सापडते त्याला पुढे उभं करायचं. पोरं पोराचा आवाज लगेच उचलतात. पेटी नसेल तर मोबाइलचा सूर पुरतो. गाणी चार-पाच सुरांत फिरणारी निवडा, भोंडल्याची, बडबडगीतं. तारसप्तकात चढणारं देशभक्तीपर गीत पहिलीला दिलं की पोरं ओरडणारच.

प्रतिसाद २

थाट सोडा, पण ताल सोडू नका. तुमच्या पखवाजवाल्याला सहशिक्षक करा. भजनी ठेका सगळ्यांच्या अंगात असतो, तिथून मात्रा मोजायला शिकवणं सोपं. दुसरं, छात्राध्यापकांना स्वतःलाच गायची भीती असते. बहुतेकांना लहानपणी कुणीतरी गप्प बसवलेलं असतं. पहिल्या तासिकेला त्यांना आई-आजीकडून एक ओवी ऐकून यायला सांगा आणि ती म्हणायला लावा. चूक काढू नका. हाताच्या खुणाही शिकवा: सा कमरेशी, प छातीशी, वरचा सा डोक्याशी. हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला अशी खूण आहे. मुलांना सूर डोळ्यांनी दिसतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दादा, पेटी मधल्या सप्तकात ठेवून चाल वाजवायचं काल पाच जणांकडून करून घेतलं. भाता एकसारखा ओढणं हीच त्यांची मोठी अडचण आहे, दर दोन सुरांनी आवाज तुटतो. ओवीचा तास मात्र फार चांगला झाला. दोघीजणी म्हणताना रडल्या. त्या मुलीला "ओठ हलव" म्हणणाऱ्याने सांगितलं की चौथीत त्यालाही हेच ऐकावं लागलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याला त्याच वर्गावर पाठवते आहे, आणि पहिलं काम म्हणून सगळ्यांना हाका मारायला लावणार आहे.

एक अजून अडलंय. मूल्यमापनात छात्राध्यापकाच्या गाण्याला गुण द्यायचे, की त्याने मुलांचा सूर ओळखला त्याला? विद्यालयाच्या तक्त्यात फक्त पहिल्याला रकाना आहे. कुणी असा तक्ता बदलून घेतला असेल तर नमुना कृपया इथे टाका.